कब्बाला, काबायो आणि रिकीब: कोणाचं मूळ कुठे?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: ज्यू गूढविद्येला 'कब्बाला' म्हणतात, स्पॅनिशमध्ये घोड्याला 'काबायो' म्हणतात, आणि त्या गूढविद्येची सर्वांत जुनी शाखा 'मर्कावा', म्हणजे रथ, या नावाने ओळखली जाते. मग हे मुळात घोडेस्वारांचं गुप्त ज्ञान होतं का? आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी लोक, एलियाहू नबीच्या रथाच्या नि घोड्यांच्या खुणा दाखवतात, त्यांचा या मर्कावाशी संबंध लागतो का?

उत्तर आधी देऊन टाकतो. कब्बाला आणि काबायो यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. मर्कावा हा शब्द मात्र खरोखरच स्वारीतून आला आहे, आणि त्याचा जवळचा नातलग तुम्ही मराठीत लहानपणापासून ऐकत आला आहात: रिकीब.

मी मोडी कागदांतले अरबी-फारसी शब्द उलगडण्याचं काम करतो. पागेचे जमाखर्च वाचताना शब्दाच्या आवाजापेक्षा त्याच्या हाडांकडे बघायची सवय लागते. हिब्रू आणि अरबी या सेमिटिक कुळातल्या बहिणी. त्यांच्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. स्वर बदलतात, मागेपुढे प्रत्यय लागतात, पण ती तीन व्यंजनं आपला क्रम सोडत नाहीत. म्हणून दोन शब्द एका घरातले आहेत की नाहीत हे ठरवताना आधी व्यंजनं तपासायची, अर्थ नंतर.

कब्बालाची व्यंजनं क़-ब-ल. इथला क घशातून येणारा, हिब्रूत 'कोफ' आणि अरबीत 'क़ाफ'. अर्थ घेणं, स्वीकारणं. मिश्ना या यहुद्यांच्या जुन्या धर्मसंहितेतल्या 'पित्यांची वचने' या भागाची सुरुवातच अशी आहे की मोशेने सीनाय पर्वतावर तोरा, म्हणजे ईश्वरी धर्मशास्त्र, स्वीकारली आणि यहोशवाच्या हाती सोपवली. तिथलं क्रियापद 'किब्बेल'. गुरूने दिलं, शिष्याने घेतलं, त्याने पुढे दिलं, अशा परंपरेने हाती आलेली ती कब्बाला. गूढविद्येचं खास नाव म्हणून हा शब्द रुळला तो १२व्या-१३व्या शतकात, फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये आणि मग स्पेनमध्ये. त्याआधी तो सगळ्याच परंपरागत शिकवणीला लागत असे.

हीच तीन व्यंजनं अरबीतून, फारसीच्या वाटेने मराठीत आली. कबूल, कबुली, कबुलायत तर उघडच आहेत. पण मुकाबला म्हणजे समोरासमोर येणं, आणि नमाजाची दिशा दाखवणारा किब्ला, म्हणजे ज्याच्याकडे तोंड करायचं तो, हेही याच घरातले. तेव्हा कब्बालाचा मराठीतला भाऊबंद हवा असेल तर तो कचेरीतल्या कबुलायतीत आहे, तबेल्यात शोधू नका.

काबायोची कहाणी निराळी. लॅटिनमध्ये घोड्याला मानाचा शब्द होता 'एक्वुस', आपल्या 'अश्व'चा दूरचा नातेवाईक. 'काबालुस' म्हणजे ओझ्याचं तट्टू. लष्करात, बाजारात, शेतावर तट्टूच जास्त, त्यामुळे लोकांच्या तोंडी तोच शब्द राहिला आणि एक्वुस पुस्तकात गेला. काबालुसपासून स्पॅनिश काबायो, पोर्तुगीज काव्हालो, फ्रेंच शव्हाल, आणि त्यांच्यापासून घोडदळाला लागणारे युरोपीय शब्द. तट्टूच्या नावातून सरदाराची पदवी तयार झाली, हे मला फार आवडतं.

मग गोंधळ कुठून आला? एक तर स्पेनमध्ये दोन्ही शब्द एकाच गावात, एकाच काळात बोलले जात होते. जोहार हा कब्बालाचा मुख्य ग्रंथ १३व्या शतकाच्या अखेरीस स्पेनमधल्या कास्तिल राज्यात प्रकट झाला. आजचे बहुतेक अभ्यासक त्याचा मोठा भाग मोशे दे लेओनचा मानतात, आणि तो वारला १३०५ साली. त्याच कास्तिलच्या रस्त्यांवर काबायेरो, म्हणजे घोडेस्वार सरदार, फिरत होते. दुसरं असं की १९२०च्या दशकात फुलकानेली या टोपणनावाने लिहिणाऱ्या फ्रेंच किमयागाराने ठामपणे मांडलं की किमयागारांची 'काबाल' ही हिब्रू कब्बाला नव्हेच, ती काबालुसपासून आली, ती गुप्त दीक्षा घेतलेल्यांची घोड्यावरची भाषा. कल्पना आकर्षक आहे, म्हणूनच ती अजून फिरते. पण भाषेच्या इतिहासात तिला आधार नाही. लॅटिनमध्ये हा शब्द हिब्रूतूनच गेला, आणि कटकारस्थान करणाऱ्या टोळक्याला इंग्रज 'कबाल' म्हणतात तो शब्दही फ्रेंचमार्गे तिथूनच आला. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या पाच मंत्र्यांच्या आद्याक्षरांपासून तो बनला असं सांगतात, तेही खरं नाही. शब्द आधीपासून होता, अक्षरं योगायोगाने जुळली.

गोव्यातही हे दोन्ही शब्द एकाच वेळी नांदले असणार. १५१० नंतर इराणी आखातातून येणाऱ्या घोड्यांचा व्यापार पोर्तुगिजांनी गोव्याच्या बंदरात एकवटला, आणि विजयनगरपासून विजापूरपर्यंत सगळ्यांना त्यांच्या 'काव्हालों'ची गरज होती. त्याच गोव्यात गार्सिया द ओर्तासारखे, मूळ ज्यू पण सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यांतले लोक राहत होते. १५६० साली तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि त्यांच्या घरातली जुनी शिकवण हा गुन्हा ठरला.

आता मर्कावा. व्यंजनं र-क-ब. हा क साधा, 'काफ'. म्हणजे कब्बालाशी याचाही संबंध नाही, हे आधीच लक्षात ठेवा. हिब्रूत 'राखाव' म्हणजे स्वार होणं. तांबडा समुद्र ओलांडल्यावरच्या गीतात 'घोडा आणि त्याचा स्वार यांना त्याने समुद्रात भिरकावलं' असं येतं, तिथे स्वार याच धातूतून. त्याच्यापुढे 'म' लागला की स्वार होण्याचं साधन: मर्कावा, रथ. मेसोपोटेमियातल्या प्राचीन अक्कादी भाषेत रथाला 'नर्कब्तु' म्हणत, तेही हेच. हाच धातू अरबीत 'रकिबा', स्वार झाला, आणि त्यातून 'रिकाब', जिच्यात पाय घालून स्वार व्हायचं ती वस्तू. फारसीतून ती दक्षिणेत आली आणि मराठ्यांनी तिची रिकीब केली. 'रिकिबीत पाय घातला' असं बखरीत वाचता तेव्हा मर्कावाचीच तीन व्यंजनं वाचत असता. जोडणं, एकावर एक बसवणं या अर्थानेही हा धातू चालतो. आपली 'तरकीब' त्यातूनच आली. आजच्या हिब्रूत झाडावर कलम बांधायलाही याच धातूचा शब्द आहे.

पण एक काळजी घ्या. मर्कावाच्या काळी रिकीब नव्हतीच. पश्चिम आशियात ती साधारण सहाव्या-सातव्या शतकात पोहोचली. बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याने जे दर्शन पाहिलं, ज्याला पुढे मर्कावा हे नाव पडलं, त्याला तोवर हजारेक वर्षं होऊन गेली होती. तेव्हा रिकिबीवरून मर्कावा आली असं कुणी म्हणालं तर ते उलटं आहे. दोघी एका आईच्या, पण मर्कावा थोरली, आणि दोघींच्या वयात फार अंतर.

बायबलमध्ये मर्कावा हा अगदी व्यवहारातला शब्द आहे. शलमोन राजाच्या खरेदीविक्रीचा एक भाव राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात नोंदलेला आहे: मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, मर्कावा येई ६०० शेकेल रुप्याला आणि घोडा १५० ला. गूढविद्येशी दूरान्वयानेही संबंध नसलेलं, जकात नाक्यावर शोभेल असं वाक्य. मोशे बेन मैमोन, ज्यांना युरोप मैमोनिडीज म्हणून ओळखतो, यांनी १२व्या शतकाच्या अखेरीस मिसरात बसून अरबीत जो तत्त्वज्ञानाचा मोठा ग्रंथ लिहिला, त्यात याच भावाची फोड केली आहे. ६०० भागिले १५० म्हणजे चार. तेव्हा मर्कावा म्हणजे चार घोड्यांचा संच. आणि यहेज्केलच्या दर्शनात सिंहासनाखाली जिवंत प्राणीही चारच. म्हणून त्या दर्शनाला मर्कावा म्हणतात, असं ते सांगतात. त्याच प्रकरणात त्यांनी स्वारीचा अर्थही लावला आहे: स्वार जनावरावर हुकूम चालवतो, हवं तिकडे नेतो, पण तो जनावराचा भाग नसतो, त्यापासून वेगळा असतो. ईश्वराला 'आकाशांवर स्वार' म्हणायचं ते या अर्थाने. बाजारभावातून इतक्या उंचीवर जाणारं दुसरं भाष्य मला माहीत नाही.

यहेज्केलचं पुस्तक उघडून पहिला अध्याय वाचा, आश्चर्य वाटेल. खबार नदीकाठी, यहोयाखीन राजाच्या बंदिवासाच्या पाचव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५९३च्या सुमारास, उत्तरेकडून वादळ येतं. चार प्राणी दिसतात. प्रत्येकाला माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार तोंडं. शेजारी चाकात चाक अशी चाकं, धावा डोळ्यांनी भरलेल्या. वर घुमट, घुमटावर सिंहासन. या अख्ख्या अध्यायात घोडा एकही नाही, आणि मर्कावा हा शब्दही नाही! करूबांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय प्राण्यांच्या, संदर्भात तो बायबलमधल्या 'इतिहास' या ग्रंथाच्या पहिल्या पुस्तकात येतो, आणि यहेज्केलने रथ पाहिला असं नंतर बेन सिराच्या पुस्तकात म्हटलं आहे. म्हणजे दर्शन आधी, नाव मागून. ज्यांनी नाव दिलं त्यांनी चाकं पाहिली, वाहणारे प्राणी पाहिले, वर बसलेला पाहिला, आणि स्वारीचाच शब्द उचलला.

इ.स. २००च्या सुमारास मिश्ना सिद्ध झाली तोवर 'मआसे मर्कावा', रथाचं प्रकरण, ही जपून हाताळायची विद्या झाली होती. नियम असा की हे प्रकरण एकट्या शिष्यापुढेही उघडायचं नाही, जर तो शहाणा आणि स्वतःच्या बुद्धीने समजणारा नसेल. त्यानंतरच्या शतकांतले साधक स्वतःला 'योर्दे मर्कावा' म्हणवत, म्हणजे रथाकडे उतरणारे. जायचं सात स्वर्गांवर आणि म्हणायचं उतरणं, याचा उलगडा अभ्यासक वेगवेगळा करतात. वाटेत सात महाल लागतात. त्यांना 'हेखाल' म्हणतात, आणि त्या वाङ्मयाचं नावच 'हेखालोत' आहे.

या हेखालवर थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नातला घोडा इथे अनपेक्षितपणे भेटतो. सुमेरीत 'ए-गल' म्हणजे मोठं घर. अक्कादीत 'एकल्लु', राजवाडा. हिब्रूत हेखाल, राजवाडा आणि मंदिराचं मुख्य दालन. अरबीत 'हैकल', देऊळ, मग कोणतीही भव्य आकृती. आणि सहाव्या शतकातला अरबी कवी इम्रुउल कैस आपल्या प्रसिद्ध कसीद्यात पहाटे, पक्षी अजून घरट्यात असताना, शिकारीला निघतो, तेव्हा आपल्या धिप्पाड घोड्याला म्हणतो 'हैकल'. देवळासारखा घोडा. उत्तरेत हिंदी-उर्दूत हैकल म्हणजे गळ्यातला ताईत, आणि घोड्याच्या गळ्यात घालायचा दागिनाही. काहीजण त्याची 'हय' अधिक 'गल' अशी संस्कृत फोड करतात. मला ती पटत नाही. ताईत हा अर्थ त्यात बसत नाही, अरबीकडून मात्र सरळ बसतो. म्हणजे एकाच शब्दाने एकीकडे स्वर्गातले सात महाल बांधले आणि दुसरीकडे घोडा सजवला.

घोडा आणि गूढविद्या खऱ्या अर्थाने एकत्र येतात ती गोष्ट तालमुद या यहुदी धर्मग्रंथात, हगीगा या प्रकरणात आहे. चार विद्वान 'पर्देस'मध्ये, त्या गूढ बागेत, शिरले. बेन अझ्झाईने पाहिलं आणि मेला, बेन झोमाने पाहिलं आणि भ्रमला, एलिशा बेन अबुया धर्मापासून तुटला, फक्त रब्बी अकिवा सुखरूप परतले. पर्देस हा शब्द जुन्या इराणीतला, आपला 'फिरदौस' त्याचाच. तर या एलिशाला पुढे 'अहेर', म्हणजे दुसराच कुणी, एवढंच म्हणू लागले. एका शब्बाथला, म्हणजे यहुद्यांच्या आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, अहेर घोड्यावरून चालला होता. शब्बाथला जनावरावर बसायची मनाई आहे. मागून त्याचा शिष्य रब्बी मेईर पायी चालत होता, कारण गुरू धर्म सोडून गेला तरी त्याच्या तोंडून तोरा ऐकायची होती. काही अंतर गेल्यावर अहेर लगाम खेचून म्हणाला, मेईर, मागे फीर. माझ्या घोड्याच्या पावलांवरून मी मोजलंय, शब्बाथची हद्द इथे संपते. हद्द म्हणजे त्या दिवशी वस्तीपासून जिथवर चालायची मुभा तेवढं अंतर: २००० हात, सुमारे एक किलोमीटर. मेईर म्हणाला, तुम्हीही मागे फिरा.

ज्याने घोड्यावर मांड ठोकून अंतर कापलं आहे त्याला यातली बारीक गोष्ट कळेल. एकसारख्या चालीत पावलं मोजता येतात, पण त्यासाठी लक्ष सतत खुरांवर ठेवावं लागतं. धर्म मोडणारा माणूस बोलता बोलता शिष्यासाठी धर्माची हद्द मोजत होता. मेईरच्या उत्तरातलं 'फिरणं' वाटेचं आहे आणि पश्चात्तापाचंही. ही गोष्ट मला कुठल्याही रथाच्या वर्णनापेक्षा जास्त हलवते.

नंतरच्या कब्बाल्यात स्वाराचा विचार आत वळला. 'पूर्वज हेच मर्कावा' असं मिद्राशात, म्हणजे बायबलवरच्या जुन्या यहुदी भाष्यात, एक वचन आहे: अब्राहाम, इसहाक, याकोब हेच ईश्वराचा रथ. लियादीचे हसिदी गुरू श्नेऊर झाल्मान यांनी १८व्या शतकाच्या अखेरीस त्यावर लिहिलं की रथाला स्वतःची इच्छा नसते, तो स्वाराच्या इच्छेपुरताच असतो. माणसाने तसं व्हावं. त्यांच्याही आधी, १७६० साली वारलेल्या, हसिदी पंथाचे प्रवर्तक बाअल शेम तोव यांच्या गोष्टींत तर घोडागाडी पदोपदी येते. गाडीवान अलेक्सेई लगाम सैल सोडून घोड्यांकडे पाठ करून बसतो, आणि गाडी एका रात्रीत शेकडो मैल जाते. याला 'केफित्सात हादेरेख' म्हणतात. त्या धातूत आकसणंही आहे आणि उडी मारणंही, म्हणजे वाट आकसते आणि घोडे उडी घेतात. 'बाअल शेम' म्हणजे नामाचा धनी. पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या यिद्दिश भाषेत गाडीवानालाही 'बाल-अगोले', गाडीचा धनी, म्हणतात. तोच 'बाअल'.

पागेतला आणखी एक शब्द सांगायलाच हवा: नाल. अरबी 'नअल' म्हणजे पादत्राण. हिब्रूतही जोड्याला 'नाअल'च म्हणतात. जळत्या झुडपापुढे मोशेला 'पायातले जोडे काढ' असं सांगितलं तिथे हाच शब्द आहे. आपल्याकडे तो घोड्याच्या खुराला लागला. त्यातून नालबंद आला, आणि नालबंदीही, जी मोडी कागदांत खूर ठोकण्यापुरती राहत नाही. शिलेदारांना घोडी सजवून चाकरीवर यायला जी आगाऊ रक्कम मिळे तिलाही नालबंदी म्हणत. कब्बाल्यात जोड्याची एक सुंदर आख्यायिका आहे. हनोख, जो मरण न येता वर नेला गेला, तो चांभार होता, आणि जोड्याच्या प्रत्येक टाक्यासरशी वरचं जग खालच्या जगाला शिवत असे.

बाकी शब्दांचं झटपट. खोगीर, जीन, लगाम, बारगीर हे फारसी, म्हणजे वेगळ्याच भाषाकुळातले. त्यांचं हिब्रूत काही शोधू नका. खोगीर म्हणजे घाम टिपणारं, बारगीर म्हणजे ओझं घेणारा. शिलेदारातला 'सिलाह', हत्यार, मात्र अरबी आहे, आणि हिब्रूत हत्याराला 'शेलाह' म्हणतात. कब्बाल्यातल्या दहा 'सेफिरोत'चा, म्हणजे ईश्वराच्या दहा आविष्कारांचा, युरोपीय भाषांतल्या गोल-वाचक 'स्फिअर'शी संबंध जोडतात, तोही चुकीचा. सेफिरा मोजण्यातून आली, आणि स्फिअर ग्रीकमधून. 'गेमत्रिया', म्हणजे अक्षरांच्या किमतींची बेरीज, तेवढी खरोखर ग्रीकांकडून घेतलेली आहे.

राहिला खंडाळ्याचा प्रश्न. तिथल्या खडकाला 'एलियाहू हन्नबीचा टापा' म्हणतात. बेने इस्राएल लोक मानतात की नबीच्या रथाची चाकं आणि घोड्यांच्या टापा तिथे उमटल्या. नवस फेडायला, लग्नकार्याआधी कुटुंबं तिथे जातात आणि मलिदा करतात: भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं, आणि एलियाहूची हिब्रू प्रार्थना. हा यहेज्केलचा रथ नव्हे, कारण त्यात घोडेच नाहीत. हा राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातला. यार्देन नदीपलीकडे एलीया, म्हणजेच एलियाहू, आणि त्याचा शिष्य अलीशा बोलत चालले असताना अग्नीचा रथ आणि अग्नीचे घोडे मध्ये आले. नीट वाचलं तर एलीया वर गेला तो वावटळीतून. रथाने आणि घोड्यांनी दोघांना वेगळं केलं. अलीशा ओरडला, 'माझ्या बापा, माझ्या बापा! इस्राएलाचा रथ आणि त्याचे स्वार!' हिब्रूत तिथे 'रेखेव' आणि 'पाराशाव' असे शब्द आहेत. रेखेव हा र-क-ब मधला, मर्कावाचा आणि आपल्या रिकिबीचा. पाराश म्हणजे घोडेस्वार, अरबीतल्या 'फरस', घोडा, आणि 'फारिस', स्वार, यांचा सख्खा. कोकणातल्या यहुद्यांनी खडकावर चाकांबरोबर टापाही पाहिल्या, ते मूळ वचनाला धरूनच आहे.